सोडा म्हटल्याशिवाय

आरशात विष्णुपंत रिसबुडांच्या तोंडातून पांढरा धूर निघाला. ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांतून थोडाथोडा, उरलेला नाकातून, असा तो सावकाश वर चढला आणि दवाखान्यातल्या पंख्याने त्याला खिडकीची वाट दाखवली. नाटकात देव प्रकट व्हायच्या आधी विंगेतून सोडतात तसला धूर. देव काही प्रकट झाला नाही. आरशात नुसतेच विष्णुपंत होते, तोंडाला दम्याचा पंप लावलेले, गाल फुगलेले.

"पाहिलंत काका?" डॉक्टर भाविका भोईर म्हणाल्या. "हे तुमचं औषध."

"चाललंय कुठे?"

"अंबरनाथला. खिडकी उघडी आहे ना."

विनोद विष्णुपंतांना आवडत, पण स्वतः केलेले. ते आरशाकडे पाहत राहिले. दीड वर्ष ते हा पंप घेत होते. चुकवला असं कधी झालं नव्हतं. रंगाच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर म्हणून जन्म गेलेला माणूस. दोन वेळा दाबायचा म्हणजे दोन वेळा दाबायचा, मग खळखळून चूळ, मग पंपाचं टोपण. हे सगळं ते बदलापूरच्या घरी, स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उभं राहून करत, कारण चूळ भरायला मोरी जवळ. म्हणजे दीड वर्ष हे औषध स्वयंपाकघराने घेतलं. कपाटामागची पाल अलीकडे कशी तुकतुकीत दिसते, आणि जराही न दमता छतभर कशी धावते, याचा त्यांना आत्ता उलगडा झाला. इकडे त्यांचा स्वतःचा दम मात्र पहिल्या मजल्यावर संपत होता, आणि घर होतं तिसऱ्यावर.

"पुन्हा एकदा करा," डॉक्टर म्हणाल्या. "हळू ओढायचं, आणि ओढतानाच दाबायचं. बघा हं आरशात."

विष्णुपंतांनी पंप हलवला, श्वास सोडला, ओढायला सुरुवात केली, दाबला. पंपाने 'फुस्स' केलं. आणि त्या क्षणी गळ्यात काहीतरी खाली आलं. बाजारपेठेत दगडफेक होणार म्हटल्यावर दुकानाचं शटर पडतं तसं, खाडकन. पुन्हा धूर.

"काका, तुम्ही श्वास का थांबवताय?"

"मी नाही थांबवत."

"मग कोण?"

हा प्रश्न त्यांनी घरी न्यायचं ठरवलं. उत्तर तयार नसलं की प्रश्न फाइलला लावायचा ही कंपनीतली सवय. शिवाय समोर बसलेल्या बाईंशी नक्की कसं बोलावं हेच त्यांचं अजून ठरलं नव्हतं. ही जनू भोईरची मुलगी. जनू म्हणजे त्यांच्या प्लांटवरचा ऑपरेटर, वांगणीच्या अलीकडच्या गावातला. ही लहान असताना कंपनीच्या सत्यनारायणाला येई, फ्रॉकच्या ओच्यात प्रसादाचा शिरा घेऊन पळे. तिला 'अगं' म्हणावं तर गळ्यात स्टेथोस्कोप, आणि 'अहो' म्हणावं तर डोळ्यांपुढे शिरा. म्हणून विष्णुपंत तिच्याशी कर्ता नसलेली वाक्यं बोलत. "पुन्हा कधी यायचं म्हणायचं?" असं त्यांनी विचारलं.

"महिन्याने. तेव्हा पुन्हा त्या मशीनमध्ये फुंकून बघू," डॉक्टर म्हणाल्या. "मी हा डबा लिहून देते. स्पेसर म्हणतात. पंप याला लावायचा, डब्यात दाबायचा, मग तोंडाने ओढायचं. दाबायची आणि ओढायची वेळ जुळवत बसायला नको. आणि ओढल्यावर श्वास धरून दहा आकडे मोजायचे. औषध आत गेलं तर खुशाल जिने चढा. पण मशीनमधला आकडा असाच राहिला तर सरळ सांगते काका, तिसरा मजला विसरा. लिफ्टचं घर बघा."

उन्मेषनेही हेच फर्मान काढलं होतं, पुण्याहून, फोनवर. उन्मेष हा त्यांचा एकुलता मुलगा. "बाबा, या वेळी रिपोर्ट सुधारला नाही तर तुम्ही आणि आई इकडे खराडीला. आमच्या बिल्डिंगला दोन दोन लिफ्ट आहेत. नो डिस्कशन." आपल्याकडे मुलं इंग्रजीत बोलली की निकाल लागलेला असतो.

बाहेर बाकावर जनू बसला होता. मुलीच्या दवाखान्यात रोज येऊन बसायचं, हे त्याने निवृत्तीनंतरचं काम मानलं होतं. पेशंट आत जाताना एकदा आणि बाहेर येताना एकदा तो तब्येत विचारी. त्यामुळे काहींना फी दोघांना द्यायची का असा प्रश्न पडे.

"काय सायेब, काय म्हनली पोर?"

"म्हणाली मी श्वास थांबवतो."

जनू हसायला लागला. पोट धरून, बाकावर हात आपटत. "तुमी? तुमी थांबवताव? मंग बरोबर हाय! आमाला कोनी शिकिवलं? फुस्स ऐकलं की श्वास बंद..."

"...तरच घरी परमानंद," विष्णुपंत म्हणाले, आणि तिथेच बाकावर बसले.

ते वाक्य त्यांनीच केलं होतं. सुरक्षा सप्ताहात, पिवळ्या ऑइलपेंटने, प्लांटच्या भिंतीवर पुरुषभर उंचीची अक्षरं. त्याला स्टीलच्या डब्याचं बक्षीस मिळालं होतं. कँटीनचा कंत्राटदार उल्हासनगरचा होता आणि त्याचं नाव परमानंद होतं ही गोष्ट रंग वाळल्यानंतर कोणाच्या तरी लक्षात आली. "साईं, मेरा नाम दीवार पे किसलिए लिखा?" असं विचारायला तो केबिनमध्ये आला होता, आणि कामगार महिनाभर विचारत राहिले, की साहेब, आम्ही जिवंत घरी पोचलो तर ठीक, पण परमानंद आमच्या घरी कशाला? पण वाक्य लागू पडलं. ते नुसतं लिहून थांबले नव्हते. कामगारांना ओळीने उभं करायचं, इकडचं तिकडचं बोलायचं, आणि मागून कोणीतरी हवेचा व्हॉल्व्ह अचानक उघडायचा. फुस्स. ज्याची छाती हलली तो नापास. विष्णुपंत स्वतः ओळीच्या टोकाला उभे राहत आणि त्यांची छाती कधीही हलत नसे. मग एका दुपारी खरोखरच अमोनियाच्या पाइपलाइनच्या सांध्यातलं गॅस्केट गेलं. खरं फुस्स. प्लांटमधल्या एकानेही श्वास घेतला नाही. सगळे वाऱ्याच्या आडवे, शिकवल्याप्रमाणे, गालांचे फुगे करून चालत बाहेर आले, कोणाला काही झालं नाही; फक्त जनू गेटबाहेर आंब्याखाली पोचल्यावरही तसाच उभा राहिला, डोळे बाहेर, चेहरा जांभळा, आणि धाडकन पडला. विष्णुपंतांनी त्याला दोन थोबाडीत मारल्या तेव्हा त्याने श्वास सोडला. अरे गाढवा, बाहेर आल्यावर तरी घ्यायचा! तर जनू म्हणाला होता, "सायेब, तुमी सोडा म्हनलाव नाय."

हा किस्सा विष्णुपंतांनी निरोपसमारंभात सांगितला होता, लग्नांमधून सांगितला होता, आणि हशा हमखास येई. आज पहिल्यांदाच त्यांना त्यात हसण्यासारखं कमी दिसलं. जनूला निदान 'सोडा' म्हणायला कोणीतरी होतं. त्यांचा गळा अजून आंब्याखालीच उभा होता.

स्पेसर उल्हासनगरला मिळाला. बदलापुरातल्या दुकानांत तो संपला होता, म्हणजे बदलापुरात त्यांच्यासारखे आणखी बरेच असावेत, असा एक बारीकसा दिलासा त्यांनी त्यातून काढला. कॅम्प चारमधल्या दुकानदाराने जो काढून दिला त्याच्यावर अस्वलाचं चित्र होतं. "बडों का खलास है, साईं. दवा सेम है, भालू फ्री है." विष्णुपंत तो अस्वलाचा डबा पिशवीत लपवून रिक्षाने घरी आले. जिन्यात पहिल्या मजल्यावर थांबले. छातीत ती ओळखीची शिट्टी सुरू झाली होती, कोणीतरी दाराच्या बिजागरीला तेल घालायला विसरल्यासारखी. दुसऱ्यावर थांबले. तिसऱ्याच्या अलीकडे कठड्याला धरून उभे असताना त्यांना आठवलं की हा तिसरा मजला त्यांनी हौसेने घेतला होता. तळमजल्याचं घर मिळत होतं, पुढे चार कुंड्यांची जागा होती, बायकोला, माईंना, तेच हवं होतं. विष्णुपंतांनी त्यांना पाटावर बसवून समजावलं होतं, की क्लोरीन हवेपेक्षा जड असतो. तो जमिनीलगत सरपटतो आणि तळमजल्यावर बिऱ्हाड करतो. कारखान्यांकडून येणारा वारा वर्षातले बहुतेक महिने या इमारतीच्या बाजूने निघून जातो, हेही त्यांनी कागदावर बाण काढून दाखवलं होतं. माई म्हणाल्या होत्या, "तुम्ही म्हणाल तसं." क्लोरीन आजपर्यंत आला नव्हता. आला असता तर तळमजल्यावरच्या नूतनचं काय झालं असतं आणि आपण कसे बचावलो असतो, या विचाराने त्यांना अधूनमधून समाधान वाटे. आजूबाजूला आता लिफ्टचे टॉवर उठले होते. त्यांच्याकडे ते जातीच्या शास्त्रज्ञाने फटाक्यांच्या दुकानाकडे पाहावं तसे पाहत. चंदेरी किल्ल्याचा सुळका त्या टॉवरांच्या फटीतून अजून दिसत होता. हे घर ही त्यांनी आयुष्यात केलेली एकमेव अशी गोष्ट होती, जिच्यात कोणी चूक दाखवू शकलेलं नव्हतं. ते सोडून खराडीला जाऊन, लिफ्टच्या आरशात स्वतःला बघत, कोणीतरी दाबलेल्या मजल्यावर उतरायचं?

माई गॅलरीत होत्या. कठड्यावरून दोरी सोडून खालच्या भाजीवाल्याकडून मेथी वर घेत होत्या. ही दोरी-पिशवीची टूम त्यांनी अलीकडे काढली होती. विष्णुपंतांनी तिच्यात जातीने लक्ष घातलं होतं. आधीची सुतळी काढून नायलॉनची दोरी आणली, पिशवीत गव्हाचं पीठ घालून वजन झेपतं का ते पाहिलं, गाठ कुठली मारायची ते शिकवलं. इमारतीत या सोयीचं कौतुक झालं होतं. मार्गशीर्षात नूतनने हळदीकुंकवाला खाली बोलावलं तेव्हासुद्धा माई म्हणाल्या, "तूच ये की गं वर, चहा टाकते," आणि विष्णुपंतांना वाटलं होतं, वय झालं की माणसं कशी घरात रमतात.

"काय म्हणाल्या डॉक्टरीणबाई?" माईंनी पिशवी कठड्यावरून आत घेत विचारलं.

"पाल बरी आहे म्हणाल्या," विष्णुपंत म्हणाले, आणि मग त्यांनी सगळं सांगितलं.

अस्वलाने काही फरक पडला नाही. डबा होता, वेळ जुळवायची नव्हती, पण फुस्स होतंच. औषध डब्यात ढगासारखं लोंबकळत राही आणि विष्णुपंत त्याच्याकडे, तोंड लावून, गळा मिटून, तिरळ्या डोळ्यांनी पाहत राहत. शटर वर जाईपर्यंत ढग डब्याच्या भिंतींना चिकटून संपलेला असे. त्यांनी कानांत कापूस घातला. तरी गळा मिटला, कारण कानाला ऐकू आलं नाही तरी बोटाला माहीत होतं. मग त्यांनी स्वतःला फसवायचा प्रयत्न केला. दुसराच काहीतरी विचार करायचा, सातचा पाढा म्हणायचा, आणि मधेच दाबायचा. पण स्वतःला गुदगुल्या करता येत नाहीत, तसंच स्वतःला बेसावधही गाठता येत नाही. आत कोणीतरी एक इसम ओळीच्या टोकाला उभा होता, खाकी कपडे, पिवळं हेल्मेट, आणि त्याची छाती म्हणून हलत नव्हती. विष्णुपंतांना त्याचा राग येई, आणि लाज वाटण्याइतपत अभिमानही. इतकं चांगलं शिकलेला माणूस त्यांनी दुसरा पाहिला नव्हता. त्याला कंपनी बंद पडल्याचं, शेडच्या जागी गोडाऊन झाल्याचं, भिंत पाडून परमानंद विटांसकट ट्रकमध्ये गेल्याचं कोणी कळवलं नव्हतं, आणि कळवणार कसं हे विष्णुपंतांना माहीत नव्हतं. दोन आठवडे असेच गेले. पाल मात्र किंचित सुस्त दिसू लागली.

आणि एका सकाळी, विष्णुपंत अस्वल तोंडाला लावून उभे असताना, ओट्याशी मेथी निवडत बसलेल्या माई म्हणाल्या, "अहो, ती तुमची निरोपाची शाल आहे ना, कंपनीने दिलेली? तिच्या मी उशांच्या खोळी शिवल्या."

विष्णुपंतांचं बोट त्याच वेळी पंपावर पडलं होतं. "आँ?" असं म्हणण्यासाठी त्यांनी हवा आत घेतली, जेवढी 'आँ'ला लागते त्याच्या चौपट. औषध आत गेलं. कुठे गेलं ते त्यांना चक्क कळलं. छातीच्या आत, बरगड्यांच्या मागे, जिथे इतके दिवस काही नव्हतं तिथे थंडगार काहीतरी उतरलं आणि पसरलं, जसं बंद खोलीत कोणी शिरून एकेक खिडकी ढकलत जावं. ते बोलणार, तोच माई ओरडल्या, "दहा! श्वास धरायचाय! बोलू नका!" आणि त्यांनी मेथीची काडी हलवत दहा आकडे मोजले. "हं. सोडा."

विष्णुपंतांनी सोडला. धूर आला नाही.

"कुठल्या उशा?" त्यांनी विचारलं.

"ज्यांवर तुम्ही दोन वर्षं झोपताय त्या. ऊब येते म्हणत होता ना?"

त्या दिवसापासून ही पद्धत पडली. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध आणि माईंचं बोलणं, दोन्ही सकाळ-संध्याकाळ. पंप आता माईच दाबत, म्हणजे बोटालाही पत्ता नसे. दुसऱ्या वेळी दाबायला काही सांगावं लागत नसे. पहिल्या वेळी उघडलेलं शटर मिनिटभर तसंच अर्धवट राही. पण पहिल्या वेळेला नवा माल लागे, कारण ऐकलेल्या गोष्टीने माणूस पुन्हा दचकत नाही. आणि माईंकडे माल होता. "तुमच्या आत्याचं चांदीचं ताम्हन हरवलं नव्हतं. मी तिच्या सुनेला परत दिलं, ते तिचंच होतं." फुस्स. "उन्मेष बारावीला क्लासला जातच नव्हता. मैदानावर असायचा. मला ठाऊक होतं." फुस्स. "उन्मेषसाठी श्रद्धाला बघायला गेलो तेव्हा तुम्ही तिच्या वडिलांना गॅस सिलिंडर कसा ठेवावा यावर तासभर ऐकवलंत. ते नाही म्हणणार होते. मी आत जाऊन त्यांच्या बायकोच्या हातापाया पडले." फुस्स, आणि विष्णुपंतांचे डोळे अस्वलावरून वर येऊन माईंच्या चेहऱ्यावर खिळत, आणि माई शांतपणे मोजत. एक, दोन, तीन. त्यांचा आवाज मोजताना अगदी सपाट असे, शिवणकामात टाके मोजावेत तसा.

एकदा त्या म्हणाल्या, "ते परमानंद माझं होतं."

फुस्स.

आकडे संपल्यावर विष्णुपंत म्हणाले, "काय तुझं होतं?"

"यमक. तुम्ही 'श्वास बंद'वर येऊन अडला होता. पोळ्या लाटता लाटता मी म्हटलं, परमानंद. तुम्ही म्हणालात, हं, बघतो. मग बक्षिसाचा स्टीलचा डबा मिळाला."

विष्णुपंतांनी आठवून पाहिलं. त्यांना पोळ्या आठवल्या, रॉकेलच्या स्टोचा वास आठवला, कागद-पेन्सिल आठवलं; शब्द कुठून आला ते आठवेना. तो त्यांना सुचलाच होता अशी इतकी वर्षं त्यांची समजूत होती आणि समजुतीला साक्षीदार लागत नाही. त्या दिवशी ते गॅलरीत बराच वेळ बसले. दम सुधारत होता हे खरं. छातीतली शिट्टी दुपारपर्यंत गप्प असे. दुसऱ्या मजल्यापर्यंत ते आता न थांबता येत. पण त्या जागी दुसरंच काहीतरी सुरू झालं होतं. कारखान्यात वाफेच्या प्रत्येक भांड्यावर त्यांनी प्रेशरचा काटा बसवून घेतला होता; रोज फेरीला निघून काच पुसून तो वाचायचा, लाल रेषेच्या किती अलीकडे आहे ते पाहायचं, आणि मगच चहा घ्यायचा. बाहेरून हात लावून भांड्याचं काही कळत नाही, असं ते प्रशिक्षणार्थींना सांगत. घरी मात्र ते इतकी वर्षं नुसता हात लावूनच होते. 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणजे काटा शून्यावर, असं त्यांनी धरलं होतं. आता रोज दोनदा थोडी वाफ बाहेर येत होती, आणि ती औषधी होती, आणि आत अजून किती आहे हे विचारायची सोय नव्हती, कारण विचारून सांगितलेल्या गोष्टीने दचकायला होत नाही. शिवाय यातलं खरं किती? एखादी गोष्ट माई केवळ त्यांच्या फुप्फुसांसाठी रचत असेल. ताम्हनाचं रचलेलं असावं असं त्यांना वाटे. शालीचं रचलेलं नव्हतं. त्यांनी उशी उलटी करून पाहिली होती, आतल्या बाजूला कंपनीचं नाव अर्धं शिवणीत गेलेलं होतं.

"यातलं खोटं किती?" त्यांनी शेवटी विचारलंच.

"औषध आत जातंय ना?" माई म्हणाल्या. "मग झालं तर."

महिन्याने विष्णुपंत अंबरनाथला जाऊन मशीनमध्ये फुंकून आले. माई याही वेळी आल्या नाहीत. "मला काय त्या दवाखान्यात," म्हणाल्या. डॉक्टरांनी जुना आणि नवा कागद शेजारी ठेवला, चष्मा वर केला, खाली केला. "काका, हे कसं जमवलंत?"

"घरगुती उपाय."

"काढा-बिढा घेत नाही ना?" डॉक्टरांचा आवाज कडक झाला.

"छे. बायको."

डॉक्टरांनी ते कागदावर लिहिलं नाही. "असंच चालू ठेवा," म्हणाल्या, "आणि जिने चढायला हरकत नाही." बाहेर जनूने हात जोडले. "सुटला ना सायेब श्वास?" "सुटला." "मंग कोन म्हनला सोडा?" विष्णुपंत हसले, आणि निघाले.

ते जिना एका दमात चढले. दुसऱ्या मजल्यावर क्षणभर थांबले ते केवळ थांबायची गरज नाही याची मजा घ्यायला. वर आल्या आल्या, चपला काढायच्या आधी, त्यांनी उन्मेषला फोन लावला. "खराडी रद्द," म्हणाले. "रिपोर्ट पाठवतो. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, जिने चढा. नो डिस्कशन." पलीकडून उन्मेष म्हणाला, "बाबा, आईला फोन द्या ना जरा." विष्णुपंत म्हणाले, "ती कामात आहे," आणि ते खोटं नव्हतं. माई गॅलरीत उभ्या होत्या, एक हात कठड्यावर, दुसऱ्या हाताने दोरी ओढत. पिशवी वर आली. माईंनी ती उतरवली, गाठ सोडली, दोरीचं वेटोळं करून खुंटीला अडकवलं, विष्णुपंतांनी शिकवलं होतं तस्सं.

"चहा टाक," विष्णुपंत म्हणाले. "आज गोड कर."

"आधी पंप," माई म्हणाल्या. "संध्याकाळ झाली."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून उन्हाची तिरीप अस्वलावर आली होती. विष्णुपंतांनी पंप हलवला, श्वास पुरता सोडला, ओठ डब्याला घट्ट लावले. माईंनी अंगठा ठेवला. आज त्यांनी जरा वेळ घेतला. विष्णुपंतांना वाटलं, संपला बहुतेक माल, आणि आपल्याला बरं वाटलं की वाईट हे ते तपासत असतानाच माई म्हणाल्या, "पुण्याचं उन्मेषच्या डोक्यात मी घातलं होतं."

फुस्स.

शटर पडलं नाही. ओळीच्या टोकाला उभ्या असलेल्या इसमाची छाती हलली, चांगली वीतभर, आणि औषध आजवर पोचलं नव्हतं तिथवर जाऊन पोचलं. विष्णुपंतांनी डबा तोंडातून काढला.

"बोलायचं नाही," माई म्हणाल्या. "एक. तुमच्या दम्याचं नाव मी नुसतं पुढे केलं. दोन. तुमचा दम सगळ्या जिन्याला ऐकू येतो. माझे गुडघे ऐकू येत नाहीत. तीन."

विष्णुपंतांनी हात वर केला. हाताने काही म्हणता येईना. लग्न झाल्यापासून ही पहिलीच वेळ होती की माई बोलत होत्या आणि त्यांना मधे बोलता येत नव्हतं. आणि माईंना घाई नव्हती.

"चार. गणपतीत नूतनकडे आरतीला उतरले, तेव्हाची शेवटची. वर येताना बसत बसत आले. तुम्ही पुढे होता, तुमचा तुम्हाला दम लागला होता. पाच. म्हटलं, यांचा रिपोर्ट वाईट येईल आणि आपोआप जाऊ. कोणाला काही सांगायला नको. सहा."

म्हणजे दोरी. विष्णुपंतांनी खुंटीकडे पाहिलं. दोरीची जाडी त्यांनी पाहिली होती, ताण पाहिला होता, गाठ पाहिली होती. दोन शेर पीठ घालून खाली-वर करून पाहिलं होतं. दोरी का, एवढंच विचारायचं राहिलं होतं. जड गोष्ट खाली राहते, वर येत नाही, असं आपणच हिला पाटावर बसवून सांगितलं होतं.

"सात. मग तुमचं औषध आत जाईना. रात्रंदिवस ती शिट्टी. ते काही मला बघवेना. आठ." माईंनी पदराने अस्वल पुसलं. "आता तुम्ही बरे झालात. आता कोणाचं नाव पुढे करू? नऊ."

नऊनंतर त्या थोड्या थांबल्या. विष्णुपंत थांबून होते. छातीत थंड, भरलेलं, जागा नसलेलं. खालून भाजीवाल्याची हाक आली. टॉवरांच्या फटीतला सुळका उन्हात तांबूस झाला होता, आणि तो त्यांना अगदी नीट दिसत होता. जनूला आंब्याखालून कंपनी अशीच दिसली असेल.

"दहा," माई म्हणाल्या. "सोडा."

काय, ते त्यांनी सांगितलं नाही. विष्णुपंतांनी आधी श्वास सोडला.